मातीनंतरचे पहिले वर्ष: शोकात ख्रिस्ती आशा कशी धरावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सगळ्या पट्ट्यात अंत्यविधीहून परतणारा माणूस ‘मातीला जाऊन आलो’ असे म्हणतो, मग तो विधी कोणत्याही धर्माच्या घरचा असो. ख्रिस्ती घराला हा शब्द अक्षरशः लागू पडतो. माती होईपर्यंत घर माणसांनी भरलेले असते, कारण शवपेटी सांगायची असते, पाळकसाहेबांशी किंवा फादरांशी वेळ ठरवायची असते, वर्तमानपत्रात निधनाची बातमी द्यायची असते आणि पुण्याहून निघालेल्या भावाची वाट पाहायची असते. शोकाचे खरे काम त्यानंतर, भाड्याच्या खुर्च्या टेम्पोत भरून परत गेल्यावर सुरू होते, आणि त्या कामाविषयी आपल्याकडे फारसे कोणी काही सांगत नाही.

माझी आई ऐन आषाढात गेली. पुढच्या वर्षी मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायाने, शोकाकुल घरांना भेटी देणाऱ्या गटात मला घेतले, ते बहुधा मला अनुभव आहे अशा समजुतीने. प्रत्यक्षात तेव्हा माझे स्वतःचेच काही ठिकाणावर नव्हते. त्या भेटींतून आणि शास्त्रवाचनातून जे उपयोगी पडलेले पाहिले, तेवढेच येथे लिहितो.

पहिल्या आठवड्यात आशा शोधायला जाऊ नये. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण दफनाच्या दुसऱ्याच दिवशी ‘आता खंबीर व्हा, ते प्रभूजवळ आहेत’ असे ऐकून ज्यांनी डोळे पुसले, त्यांचे रडणे पुढे सहा महिन्यांनी भलत्याच वेळी, कधी कचेरीत तर कधी लग्नाच्या मांडवात, बाहेर पडलेले मी पाहिले आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आपला मित्र लाजर याची कबर समोर असताना ‘येशू रडला’ एवढेच छोटे वचन आहे. आपण लाजराला आता उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला, ही गोष्ट नीट लक्षात घेतली, तर अश्रू आणि विश्वास यांचे भांडण आपोआप मिटते.

याच ठिकाणी थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातले चौथ्या अध्यायाचे तेरावे वचन बहुतेक वेळा चुकीच्या जागी वापरले जाते. इ. स. ५० च्या सुमारास लिहिलेले हे पत्र नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी आहे, आणि त्या मंडळीची अडचण अगदी साधी होती: प्रभू परत येण्याआधीच आपली काही माणसे वारली, आता त्यांचे काय? पत्र लिहिणाऱ्या पौलाने त्यांना शोक करण्याची मनाई केलेली नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असे तो म्हणतो. वाक्याचा पहिला अर्धा भाग तोडून शोकाकुल घरात म्हणून दाखवणाऱ्याला चहा द्यावा आणि विषय बदलावा.

या दिवसांत करायचे ते शरीराचे. एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी ठेवली, तो खाऊन पुन्हा झोपला, आणि देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावले. शेजारच्या घरातून पिठले-भाकरीचा डबा आला तर ‘कशाला त्रास घेतलात’ असे म्हणून तो परत करू नये. भूक नसली तरी दोन घास ठरलेल्या वेळी खावेत, औषधे चालू असतील तर ती दुसऱ्या कोणाच्या देखरेखीखाली घ्यावीत, आणि रात्री झोप लागली नाही तरी दिवा मालवून पडून राहावे.

आपल्या भागात एक प्रश्न हमखास उभा राहतो, आणि तो मनाला फार थकवतो. अनेक घरांत निम्मी भावकी हिंदू असते. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन नाही, दहावा नाही, तेरावा नाही, मग तुम्ही नेमके करता तरी काय, असे मामा किंवा आत्या विचारतात, आणि त्या विचारण्यात बहुतेक वेळा दुखावलेले प्रेमच असते. अशा वेळी वाद घालण्याची ताकद नसते आणि गरजही नसते. स्मरणार्थ उपासनेचा दिवस लवकर ठरवून भावकीला स्वतः जाऊन निमंत्रण द्यावे, त्या दिवशी साधे जेवण ठेवावे, आणि ज्यांना गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलायचे असतील त्यांना बोलू द्यावे. आमच्याकडे तेविसावे स्तोत्र एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये वाचले गेले, कारण आईचे निम्मे शेजारी कन्नड बोलणारे होते. जो विधी आपल्या विश्वासात बसत नाही, त्याला एकदाच शांतपणे ‘आमच्याकडे ही रीत नाही’ असे सांगावे; दहा कारणे दिली की दहा प्रश्न येतात.

कुटुंबात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असे दोन्ही असतील तर तिथेही असाच नाजूक भाग असतो. कॅथलिक माणूस मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) सांगतो, २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावतो. मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंटांपैकीच एका पंथाच्या, घरात मृतासाठी प्रार्थना करण्याची रीत नसते, तिथे त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे उपकार मानतात. हा मतभेद जुना आहे आणि तो शोकाच्या घरात सुटणार नाही. एकमेकांच्या उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसता येते, तेवढे पुरे.

प्रार्थनेचे शब्द सुचत नाहीत, ही तक्रार मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकली. वीस वर्षे प्रार्थनासभा चालवणारे गृहस्थ पत्नीच्या मृत्यूनंतर ‘हे प्रभू’ म्हणून थांबत आणि पुढे काहीच येत नसे. त्यांना मी स्तोत्रे मोठ्याने वाचायला सांगितली, आणि तीही स्तुतीची नव्हेत. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, हे उपासनेत तीच ती दहा स्तोत्रे ऐकल्यामुळे आपल्या ध्यानात राहत नाही. तेराव्या स्तोत्राच्या सुरुवातीला ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याच्या शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, देवाला उद्देशून आहे. रोज संध्याकाळी दिवे लावण्याच्या वेळी असे एक स्तोत्र, ओठ हलवून, सावकाश वाचावे. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमात परतलेली नामी गावच्या बायकांना म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा (म्हणजे ‘कडू’) म्हणा, कारण सर्वसमर्थाने मला कडू दुःख दिले आहे. तिला कोणी गप्प केले नाही. ज्याच्यापुढे तक्रार करता येते त्याच्याशी नाते तुटलेले नसते. ज्या दिवशी वाचवतही नाही, त्या दिवसासाठी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आधार आहे: शब्दांवाचून कण्हणे हीसुद्धा प्रार्थनाच, आणि ती पवित्र आत्मा आपल्यासाठी करतो. रविवारी गाणे म्हणवत नसेल तर बसून राहावे, मंडळी आपल्या वाटचे गाते.

मग ‘का’ हा प्रश्न येतो. ‘देवाला आवडली म्हणून नेली’, ‘विश्वास कमी पडला असेल’, ‘काहीतरी योजना असणार’ अशी उत्तरे लोक देतात. त्यातले दुसरे तर क्रूर आहे आणि ते देणाऱ्याला घरातल्या वडीलधाऱ्याने तिथल्या तिथे थांबवावे. मुले आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले, तोवर ते चांगले मित्र होते. बोलू लागले तेव्हा बिघडले. बेथानीत लाजराच्या दोघी बहिणींनी, मार्था आणि मरीया यांनी, येशूला एकच वाक्य ऐकवले, ‘प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ मार्थेला त्याने पुनरुत्थानाविषयी शब्द दिला, आणि मरीयेचे तेच शब्द ऐकून तो व्याकूळ झाला व रडला. वाक्य एकच असले तरी एकीला बोलणे हवे होते आणि दुसरीला सोबत, म्हणून सांत्वनाला जाणाऱ्याने आधी आपल्यासमोर मार्था बसली आहे की मरीया, हे ओळखावे. घरातल्यांनीही एकमेकांविषयी हे ओळखावे, कारण नवरा बोलत नाही म्हणून त्याला दुःखच नाही, असा समज करून घेतलेल्या बायका मला भेटल्या आहेत.

‘का’ या प्रश्नाच्या पोटात पुष्कळदा ‘माझे चुकले का’ हा प्रश्न लपलेला असतो. आईला दवाखान्यात दोन दिवस आधी हलवायला हवे होते असे मला वाटत राहिले, आणि त्यात तिथल्या रात्रपाळीच्या माणसाचे उर्मट बोलणे मनात घर करून बसले होते. सहा आठवड्यांनी मी सगळे कागद पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेलो आणि सरळ विचारले. त्यांनी दहा मिनिटांत समजावून सांगितले की आजार कुठवर पोहोचला होता आणि दोन दिवसांनी त्यात काय फरक पडला असता. अपराधभावनेचा मोठा भाग वैद्यकीय गैरसमजावर उभा असतो, म्हणून हे विचारणे टाळू नये. विचारल्यानंतरही जे खरोखर आपले चुकले असे उरते, ते फादरांपुढे किंवा पाळकांपुढे एकदा स्पष्ट शब्दांत बोलावे, आणि क्षमेचे शब्द कानांनी ऐकावेत; मनातल्या मनात मागितलेली क्षमा मनालाच पटत नाही.

आशा म्हणजे नेमके काय, हे शांतपणे वाचण्याची तयारी साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते. ‘आत्मा अमर आहे’ हे आपल्या आसपास सगळेच मानतात. ख्रिस्ती विश्वासाचे म्हणणे त्याहून अधिक ठोस आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय शरीराच्या पुनरुत्थानाविषयी बोलतो आणि ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हणतो. खानापूरकडच्या भातशेतीवाल्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. उपकारस्तुतीच्या रविवारी भाताच्या लोंब्यांची पहिली पेंढी वेदीपुढे ठेवतात, तेव्हा उरलेले पीक अजून शेतातच उभे असते, पण ते त्याच शेतातले, त्याच बियाण्याचे असते. पौलाचा युक्तिवाद हाच आहे. त्याच अध्यायात तो पेरलेल्या दाण्याचाही दाखला देतो, आणि जे पेरले जाते ते तसेच्या तसे उगवत नाही, हेही सांगतो. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी कबरस्तानासाठी वापरलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘झोपण्याची जागा’ असा आहे. हा अध्याय एका बैठकीत संपवू नये. आठवड्याला पाच-सहा वचने, शक्यतो कोणाबरोबर तरी वाचावीत.

आता उद्देशाविषयी, ज्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. माणूस गेले की त्याच्या नावाने काहीतरी मोठे करावे असे वाटते, आणि पहिल्याच महिन्यात न्यास, शिष्यवृत्ती, घराची विक्री असे निर्णय घेतले जातात. एक वर्ष थांबावे. उद्देश बहुतेक वेळा गेलेल्या माणसाच्या अर्धवट राहिलेल्या साध्या कामात सापडतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा वारली, तेव्हा माडीवरच्या खोलीत विधवा रडत उभ्या होत्या आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे येशूचा शिष्य पेत्र याला दाखवत होत्या. टबीथेला पेत्राने उठवले, तसे आपल्या घरी घडत नाही, हे मान्यच आहे. पण त्या विधवांच्या हातात कपडे होते, म्हणजे तिचे काम त्यांच्या अंगावर उरलेले होते. शोकाकुल माणसाने स्वतःला विचारावे, माझ्या माणसाचे काम कोणाच्या अंगावर उरले आहे?

आईच्या उशाखाली सहकारी पतसंस्थेने दिलेली एक जुनी डायरी होती. तारखांशी तिचा काही संबंध नव्हता. प्रत्येक पानावर ज्यांच्यासाठी ती प्रार्थना करायची त्यांची नावे होती, आणि काहींपुढे पेन्सिलीने बारीक टिकमार्क होते, म्हणजे प्रार्थना ऐकली गेली. बरीच नावे मंडळीतली, काही सैन्यात गेलेल्या मुलांची. एका पानावर नाव नव्हतेच, फक्त ‘भाजीवाली, कोपऱ्यावरची. मुलगा. दारू.’ असे लिहिलेले होते आणि पुढे टिकमार्क नव्हता. डायरी देवघरातल्या वस्तूसारखी कपाटात ठेवावी असे बहिणीचे म्हणणे होते. मी ती दर बुधवारी एक पान या हिशेबाने पुढे चालवायची ठरवली, आणि ते पान आले त्या आठवड्यात कोपऱ्यावर मेथी घ्यायला गेलो. तिनेच विचारले, ‘निम्मव्वा बरलिल्लेन्री?’ (तुमची आई आली नाही का?) माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी ‘अव्वा तीरकोंड्रु’ (आई वारली) एवढेच सांगू शकलो. तिने मेथीच्या दोन जुड्या हातात दिल्या आणि पैसे घेतले नाहीत, मग मुलाची गोष्ट सांगू लागली, ज्यातली निम्मी मला समजली. पुढे व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता काढून देणे, मुलाबरोबर एकदा जाऊन येणे ही कामे आली. त्या पानापुढे अजूनही टिकमार्क नाही. पण त्या सगळ्या आठवड्यांत ‘आता मी कशासाठी’ हा प्रश्न मला पडला नाही, हे नंतर ध्यानात आले.

प्रत्येक घरी डायरी नसते. एका घरी वडील रविवारच्या शाळेतल्या मुलांना चिंचेच्या गोळ्या देत, मुलाने तो डबा भरायला घेतला. एका विधवेने नवऱ्याच्या ओळखीच्या वृद्धांना पेन्शनच्या दिवशी बँकेत नेण्याचे काम चालू ठेवले. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आरंभी जे म्हटले आहे, की देव आपले सांत्वन करतो ते आपण इतरांचे सांत्वन करू शकावे म्हणून, ते अशाच कामांत खरे होते. मात्र आपली जखम ओली असताना दुसऱ्याच्या शोकाच्या घरी सांत्वनाला जाण्याची घाई करू नये. पंडिता रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा १९२१ साली वारली आणि स्वतः रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये; मधल्या थोड्या महिन्यांत त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे हाती घेतलेले काम सोडले नाही. त्यांनी तेव्हा नवीन काही सुरू केले नव्हते, हे मला महत्त्वाचे वाटते.

कागदपत्रांचा विषय कोरडा आहे, पण तो टाळला की शोकात भर पडते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते, आणि दाखल्याच्या प्रती सुरुवातीलाच जास्त काढाव्यात. सीमाभागात अर्ज आणि शेरे बहुधा कन्नडमध्ये असतात, तेव्हा मराठी शाळेत शिकलेल्या माणसाने कन्नड वाचणारे कोणीतरी बरोबर न्यावे. मंडळीतल्या तरुणांना ‘काही लागले तर सांगा’ म्हणायची सवय असते, त्यांना हे काम सांगावे.

काही शोक प्रार्थनेने आणि सोबतीने हलत नाहीत. महिने उलटले तरी झोप व अन्न परत येत नसेल, माणूस अंघोळ करायची सोडून देत असेल, किंवा ‘मलाही तिकडेच जायचे आहे’ असे वारंवार म्हणत असेल, तर त्याला विश्वासाचा कमकुवतपणा म्हणू नये आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, आणि बेळगावहून धारवाडची सरकारी मनोरुग्णालय-संस्था दोन तासांच्या आत गाठता येते. गोळ्या चालू असताना उपासनेला येता येते. याबद्दल कुजबुजणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

पहिल्या वर्षात वाढदिवस, नाताळ आणि लग्नाचा वाढदिवस हे दिवस अवघड जातात. त्या दिवशी काय करायचे ते आठवडाभर आधी ठरवावे, मग ते रद्द केले तरी चालेल. नाताळात करंज्या तळायच्या नसतील तर तळू नयेत, पण नातवंडांसाठी तारा टांगावा.

कबरीविषयी एक गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते. आपल्याकडच्या पावसात नवी कबर खचते. आईच्या मातीला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि मी गेलो तर मधोमध वीतभर खड्डा पडून त्यात लाल पाणी साचलेले होते. ते पाहून माझे पाय लटपटले. कबरस्तानातला गवंडी म्हणाला, साहेब, माती बसतेय, बसू द्या, एक पावसाळा पूर्ण गेल्याशिवाय फरशी घालायची नाही, नाहीतर तडकते. पावसाळ्यात दोन-तीनदा घमेलेभर माती नेऊन खळगा भरावा, पायाने दाबू नये, आणि दगड, नाव, वचन यांचा निर्णय दिवाळीनंतर घ्यावा.

काही मंडळ्या पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) पहाटेची उपासना कबरस्तानात करतात. आपल्या मंडळीत ती रीत नसली तरी घरच्यांनी त्या दिवशी उजाडायच्या आत तिथे जावे. बॅटरी, खराटा, खुरपे, पाण्याचा कॅन आणि फुले बरोबर असावीत, लहान मुलांना स्वेटर घालावेत, योहानाच्या विसाव्या अध्यायातला येशूच्या कबरीपाशी रडणाऱ्या मग्दालीया मरीयेचा भाग कोणी तरी मोठ्याने वाचावा. आपली कबर झाडून झाल्यावर शेजारच्या कबरीवरचे गवतही काढावे. तिथल्या घरचे लोक मुंबईला गेलेले असतात.